पूर-बचाव पथकाचं साहित्य: कुर्ल्यातल्या खरेदीच्या प्रकल्प नोंदी

८ जानेवारी

आधी कामाची हद्द कागदावर आणली. पथक २४ जणांचं. परिसर मुंबईत कुर्ल्यातली मिठी नदीकाठची वस्ती आणि तिच्या मागचे दोन मोठे रस्ते. पाणी चढू लागलं की तळमजल्यावरच्या माणसांना वरच्या मजल्यावर किंवा सुक्या रस्त्यावर आणायचं आणि अग्निशमन दल किंवा एनडीआरएफची तुकडी पोहोचेपर्यंत हे काम चालू ठेवायचं. आगीत शिरणं, मॅनहोलमध्ये उतरणं, बुडी मारून शोध घेणं ही कामं पथकाची नाहीत, तिथे १०१ ला फोन करायचा. ही रेघ खरेदीच्या आधी ओढली, कारण साहित्य हाताशी असलं की माणूस त्या कामाला हात घालतो. कपाटात श्वसनयंत्र असेल तर कधीतरी कोणीतरी ते चढवून गटारात उतरेल.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिमी पाऊस मोजला गेला, कुलाब्यात त्याच काळात १०० मिमीसुद्धा नव्हता. पाऊस असा पडतो, रस्ते बंद होतात आणि दूरच्या गोदामातलं साहित्य तिथेच राहतं. त्या दिवशी वीज गेली आणि मोबाइलही बंद पडत गेले. यावरून दोन गोष्टी पक्क्या केल्या. साहित्य वस्तीपासून चालत जाण्याच्या अंतरावर, दोन वेगळ्या जागी, पहिल्या मजल्यावर किंवा त्याच्या वर राहील. आणि आपसांतलं बोलणं मोबाइलवर अवलंबून नसेल.

१९ जानेवारी

आज गल्ल्या मोजल्या. देणगीदारांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर मोटारबोट होती, म्हणून बोटीचा विचार आधी केला.

सर्वांत अरुंद गल्ली साडेतीन फूट भरली. बहुतेक गल्ल्या चार ते पाच फुटांच्या आहेत, त्यात पायऱ्या, पाण्याचे ड्रम, उभ्या केलेल्या दुचाकी आणि खाली आलेल्या पत्र्याच्या कडा. बाजारात मिळणाऱ्या चार मीटरच्या फुगवत्या बोटीची रुंदी दोन मीटरच्या आसपास असते. ती मोठ्या रस्त्यावरच चालेल. मोटारीचीही अडचण आहे. कमरेएवढ्या पाण्यात पंखा तळापासून वीतभरच वर राहतो, प्लास्टिकच्या पिशव्या त्याला गुंडाळतात, आणि गाळ व कचरा थंड पाण्याच्या तोंडात अडकून इंजिन तापतं. वर्षातून चार-पाच वेळा लागणारी मोटार आठ महिने पडून राहते. पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं, ते हवेतलं पाणी ओढतं आणि साठवणीत पाण्याचा थर खाली वेगळा होतो. बऱ्याच आउटबोर्ड मोटारींच्या पुस्तिकेत इथेनॉलची मर्यादा १० टक्केच दिलेली असते. मोटार रद्द केली.

मोठ्या रस्त्यांसाठी वल्ह्यांवर चालणारा एक राफ्ट: लांबी ३ मीटर, रुंदी १.४ मीटर, नळ्यांचे किमान चार स्वतंत्र कप्पे. शिवण उष्णतेनं जोडलेली हवी, नुसती चिकटवलेली नको, कारण उन्हात उभ्या टेम्पोत गोंद मऊ पडतो आणि कड सुटते. राफ्ट घडी घालून छोटा हत्ती या लहान टेम्पोत मावतो, फुगवलेला मावत नाही, म्हणून हातपंप दोन. गाडीच्या टायरचा काँप्रेसर चालत नाही. तो दाब जास्त देतो पण हवा थोडी, राफ्ट भरायला फार वेळ जातो. सावलीत ०.२५ बार भरलेली नळी २५ अंशांवरून ५० अंशांवर गेली की दाब ०.३५ च्या आसपास पोहोचतो. प्रत्येक कप्प्याला जादा दाब सोडणारी झडप हवी, नाहीतर उन्हात ठेवताना हवा काढून ठेवायची.

अरुंद गल्ल्यांसाठी बास्केट स्ट्रेचर घ्यायचं बोलणं झालं होतं. ते सुमारे सात फूट लांब आणि दोन फूट रुंद असतं. त्याच मापाचा प्लायवूड कापून साडेतीन फुटांच्या गल्लीच्या काटकोनी वळणावर फिरवून पाहिला. फिरत नाही. गणितही तेच सांगतं: साडेतीन फुटांच्या दोन गल्ल्या काटकोनात मिळतात तिथे दोन फूट रुंदीची वस्तू जेमतेम सहा फूट लांबीपर्यंतच आडवी वळते. सात फुटांचं स्ट्रेचर वळवायचं तर डोक्याकडची बाजू तीस-पस्तीस अंश उचलावी लागते, आणि छातीभर पाण्यात उभं राहून चार माणसांना ते जमत नाही. स्ट्रेचर एकच घ्यायचं, तेही मोठ्या रस्त्यासाठी.

वस्तीतले लोक वर्षानुवर्षं ट्रकच्या ट्यूबवर म्हाताऱ्या माणसांना आणि मुलांना बाहेर आणत आले आहेत. तीच पद्धत नीट करून घ्यायची. मोठ्या ट्रकची ट्यूब फुगवल्यावर बाहेरून मीटरभर व्यासाची होते, साडेतीन फुटांत बसते, वळणावर अडत नाही आणि शंभर किलोहून जास्त भार तरंगवते. दोष दोन. व्हॉल्व्हची दांडी अंगाला ओरखडते, आणि कप्पा एकच असल्यानं पत्र्याची कड लागली की सगळी हवा जाते. उपाय: दांडीवर जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून बांधायचा, मधल्या भोकात दोरीची जाळी विणायची, बाहेरून ताडपत्रीचं आवरण शिवायचं, चार बाजूंना पकडायला पट्टे. ट्यूब सहा. बसणाऱ्याच्या अंगात लाइफ जॅकेट असल्याशिवाय ट्यूब हलवायची नाही.

२ फेब्रुवारी

लाइफ जॅकेट. «चांगल्या प्रतीचं», «हेवी ड्यूटी» असे शब्द मागणीपत्रातून काढले. पुरवठादार त्यांत काहीही बसवतो आणि नंतर भांडायला आपल्याकडे माप नसतं.

तरंगण्याची ताकद न्यूटनमध्ये लिहिली. आयएसओ १२४०२ या मानकात ५०, १००, १५० आणि २७५ असे वर्ग आहेत. बचाव करणाऱ्याला ५० पुरतं. तो पोहणारा असतो, त्याला हात हलवायचे असतात आणि खिडकीतून आत वाकायचं असतं. जाड जॅकेटनं तो अडकतो. ज्याला वाचवायचं त्याला मात्र किमान १०० हवं, मानेमागे आधार आणि पायांमधून जाणारा पट्टा असलेलं. पट्टा नसेल तर पाण्यात जॅकेट वर सरकतं आणि माणूस त्यातून खाली निसटतो. मुलांची जॅकेटं वजनानुसार वेगळी. मोठ्याचं जॅकेट मुलाला घट्ट बांधून चालवणं धोक्याचं आहे.

मागणी: ५० न्यूटनची २४. १०० न्यूटनची मोठ्यांची १२ आणि मुलांची १०. शिवाय हार्नेस (दोर जोडायचा, ओढताच सुटणारा अंगावरचा पट्टा) असलेली ४, फक्त दोरीचं प्रशिक्षण झालेल्यांसाठी. प्रत्येकाला शिट्टी जोडलेली, परावर्तक पट्ट्या पुढे आणि मागे. साडी किंवा सलवार-कमीजवर जॅकेट बसतं का हे नमुना घालून पाहायचं. खांद्यांना धरून वर ओढल्यावर जॅकेट कानांपर्यंत आलं तर माप चुकलं.

आपोआप फुगणारी जॅकेटं एका पुरवठादारानं सुचवली. दिसायला सुटसुटीत, पण स्वस्त प्रकारात पाण्यात विरघळणारी गोळी असते, ती विरघळली की गॅसचं नळकांडं टोचलं जाऊन जॅकेट फुगतं. जुलैतल्या मुंबईच्या दमटपणात ती कपाटातही विरघळू शकते आणि धो धो पावसात नुसतं चालतानाही. पाण्याच्या दाबावर चालणारा प्रकार हे टाळतो, पण प्रत्येक वापरानंतर नवा संच लागतो. फोमचीच घ्यायची.

दोरी: थ्रो बॅगमध्ये (पाण्यातल्या माणसाकडे फेकायच्या दोरीच्या पिशवीत) २० मीटर, ९ ते १० मिमी, पॉलिप्रोपिलीन. नायलॉन दोर मजबूत असतो पण बुडतो, आणि बुडालेला दोर पाण्यातल्या माणसाला सापडत नाही. तुकडा कापून बादलीत टाकला की लगेच कळतं. बॅगा ८.

११ फेब्रुवारी

वॉकी-टॉकी. इथे आधी कायदा, मग यंत्र. पाच वॉटचे व्हीएचएफ किंवा यूएचएफ संच दुकानात आणि ऑनलाइन सहज दिसतात, पण ते वापरायला दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेचा परवाना लागतो. अर्ज सरल संचार पोर्टलवर. परवाना नसलेल्या संचावर बोलणं हा गुन्हा तर आहेच, शिवाय ते दुसऱ्या कोणाच्या आपत्कालीन वारंवारितेवर जाऊन पडू शकतं. ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात अर्ध्या वॉटपर्यंतचे, अँटेना न निघणारे संच परवान्याशिवाय वापरता येतात. संचाला ईटीए, म्हणजे यंत्राच्या मंजुरीचं, प्रमाणपत्र आहे का आणि खोक्यावर वारंवारिता छापली आहे का, हे पैसे देण्याआधी पाहायचं.

अर्ध्या वॉटचे दोन नमुने वस्तीत फिरवले. गल्लीतल्या गल्लीत आवाज स्वच्छ. मधे आरसीसी इमारतींच्या दोन रांगा आल्या की तुटतो. गच्चीवर एक माणूस निरोप्या म्हणून उभा केला की दोन्ही टोकं जोडली जातात. सध्या अर्ध्या वॉटचे १० संच घ्यायचे, दोन गच्च्या निरोप्यांसाठी ठरवायच्या आणि पाच वॉटच्या परवान्याचा अर्ज समांतर चालवायचा.

बॅटरीबद्दल पुरवठादार «१२ तास» म्हणतो. हा आकडा बहुधा ५-५-९० या हिशोबाचा असतो: शंभरातली पाच मिनिटं बोलणं, पाच ऐकणं, नव्वद गप्प. पुरात कोणी नव्वद मिनिटं गप्प नसतं, आणि बोलतानाच बॅटरी सर्वांत जास्त जाते. प्रत्येक संचाला एक जादा बॅटरी.

संचांवर छापलेलं आयपी ६७ म्हणजे एक मीटर गोड्या पाण्यात तीस मिनिटं टिकणं. मिठीचं पाणी भरतीला खारं असतं, खाऱ्याबद्दल हा आकडा काहीच सांगत नाही. वापर झाला की नळाखाली धुवायचे, चार्जिंगचे पितळी टोक पुसून कोरडे करायचे आणि मगच चार्जरला लावायचे.

२४ फेब्रुवारी

तीन पुरवठादारांची कोटेशन दोन लिफाफ्यांत आली. तांत्रिक लिफाफा आधी उघडला. दरांचा लिफाफा नमुन्यांची चाचणी संपल्यावरच उघडायचा. दर आधी दिसला की स्वस्त नमुन्याच्या चुका लहान वाटायला लागतात.

७ मार्च

जॅकेटांची पाण्यातली चाचणी. पद्धत अशी: व्यायामशाळेतल्या बिडाच्या प्लेटा लोखंडी जाळीच्या टोपलीत, टोपली जॅकेटला खालून बांधलेली. पाण्यात बिडाचं वजन सुमारे १४ टक्के कमी भरतं, हे विसरलं की चाचणी फसते. ५० न्यूटनसाठी टोपलीसकट ६ किलो, १०० न्यूटनसाठी १२ किलो. जॅकेट तरंगलं पाहिजे. मग २४ तास तसंच बुडवून ठेवायचं आणि पुन्हा वजन लावायचं. चांगल्या फोमची ताकद दिवसभरात ५ टक्क्यांहून कमी घटते.

तिघांपैकी दोघांचे नमुने दोन्ही दिवशी उतरले. तिसऱ्याचं १०० न्यूटनचं जॅकेट पहिल्या दिवशी तरंगलं, दुसऱ्या दिवशी तेच वजन घेऊन खाली गेलं. शिवण उसवली तर आत फोमचा सलग थर नव्हता, तुकडे भरलेले होते. तुकड्यांच्या कापलेल्या कडांमधून पाणी शिरतं. लेबलवर १०० न्यूटन नीट छापलेलं होतं, प्रमाणपत्राची प्रतही जोडलेली होती. दर उघडल्यावर हाच पुरवठादार सर्वांत स्वस्त निघाला. बाद.

हार्नेसची चाचणी वेगळी: जॅकेट घातलेल्या माणसाला दोरीवर ताण देऊन, ताण असतानाच सोडवणूक ओढायची. एका नमुन्यात पट्ट्याचं टोक दुमडून शिवलेलं होतं, ते कड्यात अडकलं. प्रवाहात दोर सुटला नाही तर तोच दोर माणसाला पाण्याखाली धरून ठेवतो. टोक सपाट असल्याशिवाय माल घेणार नाही, असं लेखी कळवलं.

१५ मार्च

गॅस मीटर घ्यायचा का, यावर बराच वेळ गेला. मॅनहोल आपलं काम नाही. पण पाणी ओसरल्यावर तळघरांत पाणी उपसायला पेट्रोलवर चालणारे पंप उतरवले जातात, त्यांच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड बंद तळघरात साठतो, आणि तो दिसत नाही, त्याला वासही नसतो. जमिनीखालच्या पाण्याच्या टाक्या साफ करायला लोक उतरतात. त्यांना थांबवायला हातात आकडा हवा. म्हणून एक मीटर, चार वायूंचा: ऑक्सिजन, ज्वलनशील वायू, कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोजन सल्फाइड.

मीटरचा दर हा खर्चाचा पहिला भाग. सेन्सर दोन-तीन वर्षांत संपतात. रोज वापरण्याआधी माहीत असलेला वायू देऊन मीटर ओरडतो का ते पाहावं लागतं, त्यासाठी मिश्रणाचं नळकांडं आणि अर्धा लिटर प्रतिमिनिट सोडणारा रेग्युलेटर. ५८ लिटरच्या नळकांड्यात चाळीस सेकंदांच्या सुमारे १७० चाचण्या होतात. पण नळकांड्यालाही कालबाह्य तारीख असते, ती जवळ आलेला माल स्वस्तात मिळतो आणि पावसाळ्यात संपतो. कोटेशनमध्ये तीन वर्षांचा सेन्सर, नळकांडी आणि कॅलिब्रेशनचा खर्च मागितला. तेव्हा दोन मीटरांचा क्रम उलटा झाला: विकत घ्यायला स्वस्त होता तो वापरायला महाग निघाला.

वापर: पंप आणि नळीवाला मीटर, नळीच्या टोकाला पाणी अडवणारा फिल्टर. वरून खाली दर मीटरला दोन मिनिटं थांबायचं, कारण मिथेन वर साठतो, हायड्रोजन सल्फाइड खाली बसतो, आणि नळीतून हवा वर यायलाही वेळ लागतो. ऑक्सिजनचा आकडा आधी वाचायचा. तो कमी असेल तर ज्वलनशील वायूचा नेहमीचा सेन्सर खोटा, कमी आकडा दाखवतो. १९.५ टक्क्यांखाली कोणी आत जाणार नाही. हायड्रोजन सल्फाइडच्या वासावर विसंबायचं नाही, जास्त प्रमाणात तो नाकाची जाणीवच मारतो. मीटरच्या कपाटात सिलिकॉनचा स्प्रे किंवा पॉलिश ठेवायचं नाही, ज्वलनशील वायूचा सेन्सर त्यानं कायमचा बिघडतो.

२८ मार्च

देणगीची रक्कम मार्चअखेर खर्ची पडायला हवी म्हणून सगळे पैसे आधी देऊन माल नंतर घ्या, असा आग्रह झाला. मानला नाही. ३० टक्के आगाऊ, ५० टक्के स्वीकृती चाचणीनंतर, २० टक्के पावसाळ्यातला पहिला महिना संपल्यावर. देणगीदाराला हे कारणासकट लिहून पाठवलं, त्यांनी मान्य केलं. अनुक्रमांकांची यादी डिलिव्हरी चलनावर असायलाच हवी, नाहीतर चाचणीचा नमुना एक आणि येणारा माल दुसरा.

१८ एप्रिल

माल आला. ५० न्यूटनची जॅकेटं २४ पैकी २३, मुलांची १० ऐवजी ६. प्रत्येक दहातलं एक उचलून पुन्हा टोपलीची चाचणी, सगळी उतरली. थ्रो बॅगांपैकी दोनमध्ये दोर नायलॉनचा निघाला. वरून रंग तोच, बादलीत बुडाला. परत पाठवल्या. हार्नेसच्या पट्ट्यांची टोकं आता सपाट आहेत.

हेल्मेट पाण्याच्या कामाची, भोकं असलेली घेतली. आगीचं रुंद कडेचं हेल्मेट प्रवाहात बादलीसारखं भरतं आणि मान मागे खेचतं. गमबूट घेतले नाहीत, भरले की पाय उचलत नाही. घोट्यापर्यंतचे, खिळा न शिरणाऱ्या तळव्याचे, पाणी बाहेर सोडणारे बूट घेतले. पाय तरीही भिजणार, म्हणून लेप्टोस्पायरोसिससाठी पाण्यात उतरलेल्या प्रत्येकाचं नाव त्याच दिवशी वहीत लिहून दवाखान्यात पाठवायचं. प्रतिबंधक गोळी डॉक्टर ठरवतील.

सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त वापरात येणारी वस्तू: सात फुटी बांबू, १२ नग, दर ३० सेंमीला लाल पट्टा. पुढचा माणूस बांबू टेकवत चालेल. गढूळ पाण्यात उघडं मॅनहोल दिसत नाही, भोवरा असतोच असं नाही. पट्ट्यांवरून पाण्याची खोलीही निरोप्याला सांगता येते.

२ मे

साठवण. पहिल्या आठवड्यातच एका खोलीत उंदरांनी राफ्टची पिशवी कुरतडली, राफ्ट वाचला. पत्र्याच्या पेट्या दमट हवेत गंजतात आणि गंज दोरीला लागतो. रुंद तोंडाचे, कड्यानं झाकण आवळणारे एचडीपीईचे (जाड प्लास्टिकचे) ड्रम घेतले. उंदीर आत शिरत नाही, पाणी आलंच तर तरंगतात. जुने ड्रम स्वस्त मिळतात, पण आधी आत काय होतं याचं लेबल असेल तेच. रसायनाचे नकोत. जॅकेटं मात्र ड्रममध्ये दाबून ठेवायची नाहीत, फोम दबतो. तारेवर टांगायची.

वॉकी-टॉकीच्या जादा बॅटऱ्या निम्म्या चार्जवर, महिन्यातून एकदा तपासून. मे संपता पूर्ण भरायच्या.

१६ मे

सराव, पोहण्याच्या तलावात आणि मग गल्लीत. ट्यूब वळणांवर व्यवस्थित फिरल्या. ताडपत्रीच्या आवरणाचा एक पट्टा निसटला, शिवण दुहेरी करायला दिली.

बोलण्यात मोठी चूक सापडली. बटण दाबल्याबरोबर बोललं की पहिलं अक्षर कापलं जातं, आणि वाक्य संपायच्या आत बटण सुटलं की शेवटचा शब्द जातो. मराठीत नकार शेवटी येतो. «पुढे जाऊ नका» मधला «नका» कापला गेला आणि पलीकडे «पुढे जाऊ» ऐकू आलं. आता ठरलेला शब्द «थांबा», तोही दोनदा. बटण दाबून एक आकडा मनात मोजायचा, बोलायचं, पुन्हा एक मोजून सोडायचं. ऐकणाऱ्यानं तेच शब्द परत म्हणायचे.

स्पीकरच्या जाळीत पाणी बसलं की आवाज दबतो, संच उलटा करून झटकला की मोकळा होतो. ओल्या हातमोज्यांनी चॅनल बदलला गेला, म्हणून सगळ्यांवर कळफलक-लॉक.

२९ मे

आलेलं: ५० न्यूटनची २४, १०० न्यूटनची १२, मुलांची १०, हार्नेसची ४, थ्रो बॅगा ८, ट्यूब ६, राफ्ट १, पंप २, स्ट्रेचर १, बांबू १२, वॉकी-टॉकी १० आणि बॅटऱ्या २०, गॅस मीटर १. बाकी: पाच वॉटचा परवाना, मीटरचं दुसरं नळकांडं.

साडेचार मीटरवरच्या भरतीच्या दिवसांची महापालिकेची यादी दोन्ही खोल्यांत लावली. त्या दिवसांत मोठा पाऊस आला की नाल्यांची तोंडं समुद्राच्या पाण्यानं दबतात आणि मिठीला उतार मिळत नाही. अशा प्रत्येक दिवसाच्या आदल्या रात्री वीसही बॅटऱ्या भरायच्या, दोन ट्यूब फुगवून जिन्याखाली ठेवायच्या आणि खोलीची एक किल्ली शेजारच्या दुकानात द्यायची. दुकानदाराचं नाव आणि वेळ वहीत लिहिली आहे. १०१, १०८ आणि महापालिकेचा १९१६ हे क्रमांक ड्रमच्या झाकणांवर रंगवले.

जूनच्या पहिल्या रविवारी सकाळी सात वाजता दोन्ही खोल्यांची मोजणी.